दिवा लागला नाही, त्या रात्रीपासून

विमान दहा हजार फुटांच्या खाली असताना कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त काही बोलायचं नाही, असा नियम अमेरिकेने १९८१ मध्ये केला. त्याचं नाव ‘स्टेराइल कॉकपिट’, म्हणजे जणू ऑपरेशन थिएटरच. त्याची मुळं शोधत गेलं की आधी १९७२ चा डिसेंबर लागतो.

२९ डिसेंबरच्या रात्री ईस्टर्न एअर लाइन्सचं ४०१ क्रमांकाचं विमान न्यू यॉर्कहून मायामीला उतरत होतं. लॉकहीड ट्रायस्टार, काही महिन्यांपूर्वीच ताफ्यात आलेलं, आत १७६ माणसं. चाकं खाली सोडली, पण पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. चाक अडकलंय की दिवाच गेलाय? कॅप्टनने उतरणं रद्द केलं, विमान २००० फुटांवर नेलं, ऑटोपायलट लावला आणि पश्चिमेला एव्हरग्लेड्सच्या दलदलीकडे वळवलं. खाली मिट्ट काळोख. नजरेने उंचीचा अंदाज घ्यावा तर काही दिसायला हवं ना!

मग सगळेच त्या दिव्याच्या मागे लागले. को-पायलटने दिव्याचा संच बाहेर काढला, परत बसवताना तो तिरका अडकला, ओढाओढी सुरू झाली. फ्लाइट इंजिनिअर चाक प्रत्यक्ष बघायला कॉकपिटच्या खालच्या कप्प्यात उतरला. या गडबडीत कंट्रोल कॉलमला, म्हणजे विमानाचं नाक वरखाली करायच्या दांड्याला, नकळत धक्का लागला असावा, आणि ऑटोपायलटने धरून ठेवलेली उंची सोडली. तो पूर्ण बंद पडला असता तर कदाचित कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. पण विमान इतक्या अलगद खाली सरकू लागलं की कुणाच्या पोटात गोळाही आला नसेल. २५० फूट घटल्यावर इशाऱ्याची घंटी वाजली ती इंजिनिअरच्या जागेपाशी, आणि इंजिनिअर खाली. मायामीच्या कंट्रोलरला रडारवर ९०० फूट दिसले. तिकडे कसं काय चाललंय, एवढंच त्याने विचारलं. त्याला दोष देऊ नये. त्या वेळच्या रडारवर उंचीचा आकडा क्षणभर भलताच दिसणं नेहमीचंच होतं. वळून परत येतो, असं उत्तर आलं. त्यानंतर साधारण अर्ध्या मिनिटात विमान दलदलीत आदळलं. १०१ जण गेले. पुढचं चाक नीट खाली आलेलं होतं. गेले होते ते दिव्याचे बल्ब.

शेवटची चार मिनिटं वैमानिकांनी उपकरणांवर नजर ठेवली नाही, असा निष्कर्ष निघाला. खरं आहे, पण गोम निराळी वाटते. कॉकपिट माणसांनी भरलेलं होतं आणि विमान ‘दुसरं कुणीतरी’ चालवत आहे, असं प्रत्येकानेच धरलं होतं. ते दुसरं कुणीतरी म्हणजे ऑटोपायलट.

ईस्टर्नचंच डीसी-९ विमान सप्टेंबर १९७४ मध्ये शार्लटला धुक्यात कोसळलं. उतरता उतरता कॉकपिटमध्ये राजकारण आणि जुन्या गाड्यांच्या गप्पा चालल्या होत्या. १९८१ चा नियम आला तो मुख्यतः यामुळे. मधे १९७८ मध्ये युनायटेडचं डीसी-८ पोर्टलंडवर पुन्हा चाकाच्याच काळजीत तासभर घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. त्यानंतर कॅप्टनला वेळेवर टोकायचं कसं, हे विमान कंपन्या रीतसर शिकवू लागल्या.

गप्पांना नियमाने आवर घालता येतो. बटणांच्या गोंधळाला कसा घालणार? १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ६०५ क्रमांकाचं एअरबस ए-३२० बंगळूरला धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर टेकलं. १४६ पैकी ९२ जण दगावले. हवेचा वेग घटत असताना इंजिनं मात्र जवळजवळ झोपलेली होती, कारण विमानाची स्वयंचलित यंत्रणा ‘आयडल ओपन डिसेंट’ या मोडमध्ये गेली होती: इंजिनांची ताकद किमान ठेवायची आणि नाक वरखाली करून वेग सांभाळायचा. उतरण्याचा दर ठरवणाऱ्या नॉबऐवजी शेजारचा, उंची ठरवणारा नॉब फिरवला गेला असावा, असा तर्क चौकशीत मांडला गेला. जुन्या विमानांत यंत्राने ताकद कमीजास्त केली की थ्रॉटलचे दांडे वैमानिकाच्या हाताखाली सरकत. ए-३२० मध्ये ते जागचे हलत नाहीत. जी गोष्ट पूर्वी हाताला कळायची, ती आता पडद्यावरच्या अक्षरांत वाचायची होती, आणि ते विमान भारतात येऊन जेमतेम वर्षही झालं नव्हतं. आज यंत्रणेचा मोड बदलला की वैमानिक तो मोठ्याने म्हणतात, त्यामागे असेच अपघात आहेत.

२१ ऑक्टोबर २००९ ला मात्र ऑटोपायलटने काहीच चुकवलं नाही. नॉर्थवेस्टचं १८८ क्रमांकाचं विमान सॅन डिएगोहून मिनिआपोलिसला जात होतं, आणि दोघे वैमानिक लॅपटॉप उघडून ड्यूटीचं नवं वेळापत्रक समजून घेत बसले. सव्वा तासावर रेडिओला उत्तर नाही. विमान मिनिआपोलिस ओलांडून सुमारे दीडशे मैल पुढे गेलं, सरळ, स्थिर, दिलेल्या उंचीवर. शेवटी मागून केबिन क्रूपैकी एकीने फोन करून विचारलं, आपण उतरणार कधी?