‘कंडेन्सर’ म्हणजे नेमके काय? वाद्यांच्या ध्वनिमुद्रणासाठी माइक निवडण्यामागची पार्श्वभूमी

नागपुरात पंखा मंदावला की इलेक्ट्रिशियन ‘कंडेन्सर गेला’ असे सांगतो. मार्चअखेरीस बाहेर काढलेल्या कूलरची मोटर फिरली नाही, तरी दोष पुष्कळदा त्याच सुट्या भागाचा निघतो. एसीचा कंडेन्सर मात्र याहून वेगळा असून, गच्चीवरच्या युनिटमध्ये वायूचा द्रव करणाऱ्या जाळीला ते नाव आहे. याच शहरात सतार, तबला, बासरी किंवा हार्मोनियम घरी ध्वनिमुद्रित करू पाहणारा वादक ‘कंडेन्सर माइक’ मागतो, तेव्हा हजार-दीड हजार रुपयांची वस्तू आणि लाखाच्या पुढची वस्तू अशा दोन्ही त्याच्यासमोर एकाच नावाने येतात. पंख्याच्या कंडेन्सरशी माइकचे नाते खरे आहे, कारण दोन्ही मुळात विद्युतभार साठवणारी धारित्रेच आहेत. माइकच्या बाबतीत हे नाव कोणत्या वळणांनी आजच्या अर्थापर्यंत आले, हे ठाऊक नसल्यामुळे माइकची निवड जितकी चुकते, तितकी पैसे कमी पडल्यामुळे चुकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आरंभीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९१६ मध्ये अमेरिकेतील टेलिफोन उद्योगाच्या एका प्रयोगशाळेत या तत्त्वावरचा पहिला व्यवहार्य माइक तयार झाला, आणि त्यामागचा मुख्य हेतू ध्वनीच्या अचूक मोजमापाचा होता. १९२८ मध्ये बर्लिनमध्ये अशा माइकचे नियमित उत्पादन सुरू झाले. तेथेच १९४९ मध्ये आलेल्या ‘यू ४७’ या व्हॉल्व्हच्या (निर्वात नळीवर चालणाऱ्या) माइकला संगीताच्या स्टुडिओंत जे स्थान मिळाले, त्याची छाया आजच्या जाहिरातींतील छायाचित्रांवरही दिसते. व्हॉल्व्हच्या त्या काळात प्रत्येक माइकबरोबर स्वतंत्र पॉवर सप्लाय आणि जाड केबल बाळगावी लागत असे. ट्रान्झिस्टर आल्यावर ही अडचण सुटण्याजोगी झाली. १९६६ च्या सुमारास नॉर्वेच्या नभोवाणीने नवे माइक घेताना वेगळ्या तारेशिवाय, माइकच्या केबलमधूनच वीज पोहोचावी अशी अपेक्षा ठेवली. तेथील स्टुडिओंत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता, म्हणून तोच आकडा धरला गेला. आज बहुतेक ऑडिओ इंटरफेसवर, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीवर, दिसणाऱ्या ४८ व्होल्टच्या बटणाचा उगम असा एका इमारतीच्या दिवाबत्तीत आहे.

नागपुरात नभोवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले, आणि पुढील काही दशके शहरातील बहुतेक वादकांचा स्टुडिओच्या माइकशी संबंध आला तो त्या केंद्रातच. त्या काळात हार्मोनियमला देशभरच्या नभोवाणीवर मज्जाव होता. १९४० मध्ये घातलेली ही बंदी १९७१ पासून शिथिल होऊ लागली. ज्या वाद्याच्या ध्वनिमुद्रणाबद्दल आज घरोघरी विचारणा होते, ते वाद्य तीन दशके नभोवाणीच्या माइकपासून दूर राहिले, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे. आयात परवान्यांच्या आणि चढ्या सीमाशुल्काच्या त्या काळात स्टुडिओ दर्जाचा परदेशी माइक स्वतःकडे असणे हा अपवादच होता. भजनी मंडळांचे किंवा खासगी बैठकांचे ध्वनिमुद्रण सभेतल्या डायनॅमिक (चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणाऱ्या) माइकवर आणि कॅसेट डेकवर होई. कॅसेटच्या फितीची सरसर इतकी मोठी असे, की माइकच्या स्वतःच्या गोंगाटाचा विचार करण्याची वेळ येतच नसे.

‘कंडेन्सर माइक’ हे शब्द मात्र या काळातच नागपूरच्या मध्यमवर्गीय घरांत पोहोचले होते, आणि ते स्टुडिओतून आले नव्हते. जपानी टेपरेकॉर्डरच्या दर्शनी भागावर, एका बारीक भोकाशेजारी, ‘बिल्ट-इन कंडेन्सर माइक’ अशी अक्षरे छापलेली असत. त्या भोकामागे जे होते, त्याला तंत्रज्ञ इलेक्ट्रेट म्हणतात. या शब्दाभोवतीचा वाद नीट मांडणे आवश्यक आहे, कारण खरेदीच्या वेळी होणारे बहुतेक गैरसमज त्यातूनच निघतात.

कंडेन्सर माइकच्या, आवाजाने थरथरणाऱ्या पातळ पडद्यामध्ये आणि त्यामागच्या पाटीमध्ये विद्युतभार असावा लागतो. मूळ पद्धतीत हा भार बाहेरून व्होल्टेज देऊन निर्माण केला जातो. इलेक्ट्रेट पद्धतीत तो एका खास पदार्थात कायमचा कोंडलेला असतो. चुंबकात चुंबकत्व टिकते तसा यात विद्युतभार टिकतो, म्हणूनच इलेक्ट्रिसिटी आणि मॅग्नेट या दोन शब्दांची सांगड घालून हे नाव तयार झाले. मेणासारख्या पदार्थांपासून केलेले सुरुवातीचे इलेक्ट्रेट उष्णतेत आणि दमटपणात आपला भार गमावत, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या शहरात त्यांचे काय झाले असते याची कल्पना करता येते. १९६० च्या दशकात अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत दोन संशोधकांनी टेफ्लॉनची पातळ फिल्म वापरून हा दोष दूर केला. त्यानंतर अत्यंत लहान आणि स्वस्त माइक बनवणे शक्य झाले, आणि टेपरेकॉर्डर, टेलिफोन, कॉलर माइक व पुढे मोबाइल अशा सर्व ठिकाणी इलेक्ट्रेट पोहोचला. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तोही कंडेन्सरच आहे, त्यामुळे टेपरेकॉर्डरवरची ती अक्षरे खोटी नव्हती.

याची प्रतिक्रिया म्हणून बाहेरून भार दिल्या जाणाऱ्या माइकसाठी ‘ट्रू कंडेन्सर’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्याची गरज समजण्यासारखी आहे, कारण दीडशे रुपयांचा कॉलर माइक आणि स्टुडिओतील माइक यांना एकच नाव असेल तर ग्राहकाला फरक कळण्याचा मार्ग उरत नाही. परंतु या शब्दाने एक नवा गैरसमज रुजवला, तो असा की इलेक्ट्रेट म्हणजे नकली आणि म्हणून हलका. वस्तुस्थिती तशी नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी डेन्मार्कमधील, ध्वनिमापनाची उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीने ‘४००६’ हा वाद्यसंगीतासाठीचा माइक आणला. त्याच्या मागच्या पाटीवर भार आधीच कोंडलेला असतो, म्हणजे व्याख्येने तो इलेक्ट्रेटच्या कुळातला आहे, आणि तरीही पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रणात तो जगभर मानला जातो. अशा माइकच्या माहितीपत्रकात इलेक्ट्रेट हा बदनाम शब्द टाळून ‘प्री-पोलराइज्ड’ असे लिहिलेले असते. दोन्ही शब्दांखालचे तत्त्व एकच आहे. ‘ट्रू कंडेन्सर’ हा शब्द बनावटीची पद्धत सांगतो, तो गुणवत्तेचा पुरावा म्हणून वापरला जाऊ नये, असे येथे स्पष्टपणे नोंदवावेसे वाटते.

४८ व्होल्टच्या बटणाने हा गुंता वाढवला. ‘बटण दाबल्याशिवाय आवाज येत नाही, म्हणजे माइक खरा कंडेन्सर आहे’ ही कसोटी सीताबर्डीच्या दुकानांत आणि साउंडवाल्यांच्या बोलण्यात सर्रास ऐकू येते, पण ती टिकत नाही. मूळ पद्धतीच्या माइकमध्ये ही वीज दोन कामे करते, कॅप्सूलला (पडदा आणि पाटी यांच्या जोडीला) भार पुरवते आणि आतले छोटे ॲम्प्लिफायर चालवते. इलेक्ट्रेटला पहिल्या कामाची गरज नसते, दुसऱ्याची असतेच. त्यामुळे स्टुडिओसाठी बनवलेले अनेक इलेक्ट्रेट माइकही ४८ व्होल्टशिवाय मुके राहतात. २०१० नंतर ऑनलाइन विक्रीतून नागपुरात आलेल्या, असंख्य नावांनी विकल्या जाणाऱ्या, मोठ्या गोल जाळीच्या स्वस्त माइकपैकी कित्येकांच्या आत नाण्यापेक्षा लहान असा इलेक्ट्रेट असतो. बाहेरचे रूप ‘यू ४७’च्या वंशजाचे आणि आतला भाग टेपरेकॉर्डरच्या वंशाचा, असा तो प्रकार आहे, आणि पहिल्यांदा खरेदी करणाऱ्या वादकाच्या बाबतीत हा अन्याय आहे.

मधल्या टप्प्यावर आणखी एक घडामोड झाली, आणि वाद्यांच्या दृष्टीने तिचे महत्त्व ‘ट्रू’ की इलेक्ट्रेट या वादाहून अधिक आहे. १९९१ च्या उदारीकरणानंतर आयात हळूहळू सोपी झाली, साउंड कार्ड आणि नंतर यूएसबी इंटरफेस आले, आणि याच सुमारास चीनमधील कारखान्यांतून मोठ्या पडद्याच्या कॅप्सूल जगभरच्या कंपन्यांना स्वस्तात मिळू लागल्या. नागपूरकर ग्राहकाला हे माइक आधी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावे लागत, पुढे ते शहरातच मिळू लागले. यांतील पुष्कळ कॅप्सूल १९६० च्या ‘यू ६७’ या जर्मन माइकच्या कॅप्सूलवर बेतलेल्या आहेत. मूळ रचनेत ती कॅप्सूल वरच्या पट्टीतला आवाज मुद्दाम उंचावते आणि पुढचे सर्किट तो तितकाच खाली आणते. स्वस्त नकलांमध्ये कॅप्सूल उचलली गेली, सर्किटमधील ती दुरुस्ती मात्र पुष्कळदा वगळली गेली. परिणामी वरचा आवाज उंचावलेलाच राहतो. निवेदकाच्या आवाजाला त्यामुळे झळाळी येते, पण सतारीची जवारी (तारांचा झंकार) कर्कश होते, तबल्यातील दायांच्या चाटीचा (काठाचा) टणत्कार कानात घुसतो आणि हार्मोनियमच्या सुरांना पत्र्याचा वास येतो. स्वस्त कंडेन्सरवर वाद्य ‘टोचते’ अशी जी तक्रार वारंवार ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा वाद्यात किंवा खोलीत नसून या अर्ध्या नकलेत असते.

मोठा पडदा की लहान, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे जाहिरातीतील चित्रांवरून ठरवता येत नाही. सुमारे एक इंचाचा मोठा पडदा गोंगाट कमी ठेवतो, आणि आजच्या चांगल्या मोठ्या माइकचा सेल्फ नॉइज, म्हणजे स्वतःचा गोंगाट, ५ डेसिबलपर्यंत खाली गेला आहे. अर्ध्या इंचाच्या आसपासच्या लहान पडद्याच्या माइकमध्ये तो १३ ते १६ डेसिबल असतो. पण बर्डी किंवा महालसारख्या वस्तीतील घरात खिडक्या बंद करून आणि पंखा थांबवूनही खोलीचा स्वतःचा गोंगाट याच्या कितीतरी वर राहतो, त्यामुळे हा फरक तानपुऱ्यासारख्या अगदी मंद आवाजाच्या वाद्यापुरता आणि शांत खोलीपुरताच लक्षात येतो. लहान पडद्याचा गुण दुसरा आहे. बाजूने येणारा आवाजही तो फारसा रंग न बदलता घेतो, आणि क्षणिक आघात अधिक नेमका टिपतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतील खंजिरी भजन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कातड्यावरची थाप आणि झांजांची किणकिण एकाच वेळी येते, वादकाचा हात सतत हलत असतो, आणि मोठ्या पडद्यासमोर हात थोडा बाजूला गेला तरी झांजांचा रंग बदललेला ऐकू येतो. तबला, सतार, संतूर आणि खंजिरी यांसाठी लहान पडद्याच्या दोन माइकची जोडी हा अधिक विश्वासार्ह मार्ग आहे, आणि बासरीसारख्या ठिकाणी मोठ्या पडद्याचा विचार जरूर व्हावा, असा या लेखकाचा कल आहे.

नागपूरच्या हवेचा प्रश्न अखेरीस स्वतंत्रपणे येतो. कॅप्सूलपुढचे सर्किट इतक्या प्रचंड रोधाचे असते, की ओलाव्याचा अतिसूक्ष्म थरही भार गळू देतो आणि तडतड ऐकू येते. एप्रिल-मेची कोरडी उष्णता या दृष्टीने फारशी घातक नाही. ओल्या वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालू असलेल्या खोलीतील हवा मात्र पावसाळ्याइतकीच ओली होऊ शकते. ध्वनिमुद्रणासाठी कूलर बंद केला तरी तो ओलावा खोलीत राहतो, आणि रात्रभर स्टँडवर राहिलेला माइक तो शोषून घेतो. रेडिओ-फ्रीक्वेन्सी पद्धतीने चालणाऱ्या काही जर्मन माइकना कॅप्सूलजवळचे सर्किट कमी रोधाचे असल्यामुळे हा त्रास जवळपास होत नाही, पण त्यांची किंमत बहुतेक वादकांच्या आवाक्याबाहेर आहे. इतर सर्व कंडेन्सरसाठी सिलिका जेलची पुडी ठेवलेला हवाबंद डबा लागतो, आणि माइकबरोबर तो डबा घेण्याची सूचना विक्रीच्या वेळी क्वचितच केली जाते.