ले-ऑफ आणि छाटणी: गेटवर नोटीस लागली की आधी हे बघा

बातम्यांमध्ये 'आयटी कंपनीत ले-ऑफ' असं वाचून वाचून या शब्दाचा अर्थ नोकरी गेली असाच होऊन बसला आहे. कायद्यात तो अर्थ नाही. कारखान्याच्या नोटिशीवर 'ले-ऑफ' दिसला म्हणून जो कामगार गावी निघून जातो, तो स्वतःचे हक्काचे पैसे सोडून जातो, म्हणून हे लिहितो आहे.

ले-ऑफमध्ये नोकरी चालू असते, फक्त काम नसतं. कच्चा माल आला नाही, वीज नाही, मशीन बंद पडलं, तयार माल गोदामात साचला, अशा कारणांनी मालक काही दिवस काम देऊ शकत नाही. तुमचं नाव हजेरीपटावर तसंच राहतं. छाटणीत मात्र नाव कमी होतं, नातं संपतं. आयटीवाले ज्याला ले-ऑफ म्हणतात ती खरं तर छाटणी.

ले-ऑफच्या भरपाईची तरतूद 1953 साली औद्योगिक विवाद कायद्यात आली. नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे, पण या भागाचा गाभा तोच आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेचे 50 टक्के, ले-ऑफच्या प्रत्येक दिवसासाठी, मधली साप्ताहिक सुट्टी वगळून. दिवसाला हे दोन्ही मिळून 700 रुपये होत असतील तर 350. अट अशी की कारखान्यात किमान 50 कामगार हवेत, काम हंगामी नको आणि तुमची सलग एक वर्षाची सेवा हवी. वर्षात 240 दिवस भरले की ती सलग धरतात, आणि त्यात ले-ऑफचे दिवसही मोजतात. बदली (कायम कामगाराच्या जागी तात्पुरते लावलेले) आणि कॅज्युअल कामगारांना ही भरपाई मिळत नाही. मला हा कायद्यातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो, कारण काम थांबलं की पहिली झळ त्यांनाच बसते.

अर्ध्या दिवसाचा नियम फार थोड्यांना माहीत असतो. पाळीच्या वेळेला तुम्ही हजर आहात आणि दोन तासांत काम मिळालं नाही, तर त्या दिवसाचा ले-ऑफ धरला जातो. त्याऐवजी पाळीच्या उत्तरार्धात या असं सांगितलं, तर ले-ऑफ अर्ध्याच दिवसाचा. तुम्ही पुन्हा आलात आणि तरीही काम नाही, तर त्या अर्ध्या भागाची पूर्ण मजुरी द्यावी लागते.

म्हणूनच हजेरी महत्त्वाची. ठरलेल्या वेळी दिवसातून एकदा गेटवर जाऊन ती लावली नाही, तर भरपाईचा हक्क जातो. त्याच मालकाच्या जवळच्या दुसऱ्या युनिटमध्ये तितक्याच पगाराचं, तुम्हाला जमण्यासारखं काम दिलं आणि तुम्ही नाकारलं, तरीही जातो.

छाटणीचा हिशेब वेगळा. साधारणपणे एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे नऊ वर्षं सात महिने झालेल्याला 150 दिवसांचा. ग्रॅच्युइटी याहून निराळी. एकाच प्रकारच्या कामात जो शेवटी लागला त्याला साधारणपणे आधी कमी करायचं असतं, आणि छाटणीपासून एका वर्षाच्या आत भरती निघाली तर छाटणी झालेल्यांना प्राधान्य द्यायचं असतं.

दोन्हींची गाठ पडते ती 45 दिवसांवर. बारा महिन्यांत ले-ऑफ 45 दिवसांपुढे गेला की मालक छाटणीचा मार्ग धरू शकतो, आणि आधीच्या बारा महिन्यांत दिलेली ले-ऑफची भरपाई छाटणीच्या रकमेतून वळती करू शकतो. नेमक्या याच सुमारास कामगारापुढे कधीकधी तिसराच कागद सरकवला जातो: राजीनामा. 'हिशेब लवकर मिळेल' असं सांगतात. स्वेच्छेने दिलेला राजीनामा ले-ऑफ नाही आणि छाटणीही नाही, त्यामुळे वर सांगितलेली कुठलीच भरपाई त्यावर मागता येत नाही. कागदावर मथळा काय आहे ते वाचल्याशिवाय, आणि युनियनला किंवा कामगार आयुक्त कार्यालयात विचारल्याशिवाय सही करू नका.