सूच्याकार फेराइट

पोलादाच्या वेल्डमध्ये थिजलेला धातू थंड होत असताना घडणारी बारीक, एकमेकींत गुंतलेल्या पट्ट्यांची स्फटिकरचना. पट्टी साधारणतः १० मायक्रोमीटर लांब व १ मायक्रोमीटर जाड असते. नाव सपाट छेदातल्या रूपावरून पडले. खरे तर या सुया नव्हेत, भिंगाच्या आकाराच्या पट्ट्या आहेत.

ऑस्टेनाइट (पोलादाचे उच्च तापमानातले स्फटिकरूप) थंड होऊ लागला की आधी त्याच्या कणसीमांवर, म्हणजे स्फटिककण एकमेकांना भिडतात तिथे, फेराइट (लोखंडाचे कमी तापमानातले स्फटिकरूप) धरतो, मग सीमेवरून वाढणाऱ्या फेराइटच्या विडमानस्टेटन पट्ट्या कणात शिरतात. सूच्याकार फेराइट मात्र कणाच्या पोटातच, ऑक्साइडच्या सूक्ष्म गोळ्यांवर रुजतो. गोळीचा व्यास बहुधा ०.४ मायक्रोमीटरपेक्षा जास्त लागतो. टायटॅनियमची ऑक्साइडे यात विशेष प्रभावी ठरतात. त्याचे कारण वादग्रस्त आहे. काहींच्या मते ऑक्साइड व फेराइट यांची स्फटिकजालके जुळतात म्हणून, तर काहींच्या मते ऑस्टेनाइटला टिकवून धरणारे गोळीभोवतीचे मँगॅनीज शोषले जाते म्हणून. दुसऱ्या मताला टायटॅनियम ऑक्साइडापुरता अधिक आधार दिसतो.

ही रचना मुळात कोणती, हा वाद जुना. ती विडमानस्टेटन फेराइटचाच प्रकार, असे एक मत होते. परंतु त्याच पोलादात ऑस्टेनाइटचे कण बारीक ठेवले तर बेनाइट (ऑस्टेनाइट मध्यम तापमानाला बदलून होणारी पट्ट्यांची रचना) मिळतो, मोठे ठेवले तर सूच्याकार फेराइट. कणसीमा कमी पडल्या की रुजवण गोळ्यांवर होते, एवढाच फरक. तेव्हा हा कणांच्या आत रुजलेला बेनाइट, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पट्ट्या चहूदिशांना फुटलेल्या असल्याने चिरेला पावलोपावली वळावे लागते. वेल्डचा चिवटपणा त्यातून येतो. धातूत ऑक्सिजन फार कमी असला तर गोळ्या अपुऱ्या पडतात, फार झाला तर त्याच गोळ्यांपासून चीर सुरू होते. दशलक्षात सुमारे २०० ते ५०० भाग हे प्रमाण सोयीचे मानतात.

तपासणीसाठी नमुना एमरी कागदावर घासून, चकचकीत करून नायटलमध्ये (अल्कोहोलात सुमारे २ टक्के नायट्रिक आम्ल) काही सेकंद बुडवतात. कणसीमेवरचा फेराइट पांढऱ्या शिरांसारखा उठतो; मधली विणलेली जाळी ती हीच.

मुंबईत माझगावची गोदी आणि १९७४ मध्ये तेल सापडलेल्या मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचे फलाट यांमुळे जाड पत्र्यांच्या चिवट वेल्डला महत्त्व आहे. पावसाळी दमट हवेत ७०१८ जातीचे वेल्डिंगचे रॉड ओव्हनमध्ये भाजून घेतात, ते मात्र या रचनेसाठी नव्हे. ओलाव्यातला हायड्रोजन वेल्डशेजारच्या तापलेल्या भागातील कठीण मार्टेन्साइटला (पोलाद झपाट्याने थंड झाल्यावर होणारी रचना) तडे पाडतो, म्हणून.