तोलाने खेळण्याचा इतिहास: जॉयबोर्ड ते बॅलन्स बोर्ड

शरीराचा तोल हेच नियंत्रणाचे साधन मानून व्हिडिओ गेम खेळता येईल, ही कल्पना निंटेंडोच्या 'वी' या गेमयंत्रामुळे घरोघरी पोहोचली. परंतु तिची सुरुवात त्याच्या सुमारे पंचवीस वर्षे आधी झाली होती. १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील अमिगा कंपनीने 'अटारी २६००' या गेमयंत्रासाठी जॉयबोर्ड नावाची पायाखालची फळी आणली आणि तिच्यासोबत 'मोगल मेनिॲक' हा बर्फावरील स्कीइंगचा गेम दिला. या फळीच्या तळाशी चार दिशांचे चार स्विच होते. खेळाडू ज्या बाजूला कलेल त्या बाजूचा स्विच दाबला जाई आणि जॉयस्टिक वळवल्यावर जो संकेत गेला असता तोच यंत्राला मिळे. खेळाडू किती कलला हे मात्र या रचनेत कळत नसे, आणि तोल म्हणजे मुळात प्रमाणाचीच गोष्ट असल्यामुळे ही उणीव मूलभूत होती. याच फळीवर मांडी घालून जराही न हलता बसण्याचा खेळ अमिगाचे अभियंते आपसांत खेळत आणि पुढे अमिगा संगणकावर झळकणारा 'गुरू मेडिटेशन' हा त्रुटिसंदेश त्यातूनच आला, अशी आठवण सांगितली जाते.

मधल्या काळातील चटया, म्हणजे १९८६ची बांदाईची 'फॅमिली ट्रेनर' आणि १९९८नंतर कोनामीने रुजवलेले नृत्याचे गेम, पाऊल कुठे पडले एवढेच ओळखत. तोलाचा प्रश्न त्यांनी हाती घेतला नाही.

तो खऱ्या अर्थाने हाती घेतला निंटेंडोचे गेमरचनाकार शिगेरू मियामोतो यांनी. रोज वजन करून त्याची नोंद ठेवण्याच्या त्यांच्या सवयीतून वजनकाट्याभोवती गेम रचण्याचा विचार पुढे आला. अतिवजनदार सुमो मल्लांना दोन काट्यांवर उभे करून वजन घेतात, यावरून दोन पायांवरील भार वेगवेगळा मोजण्याची दिशा सापडली. डिसेंबर २००७ मध्ये 'वी फिट' या व्यायामाच्या गेमसोबत जपानमध्ये विक्रीस आलेल्या बॅलन्स बोर्डाच्या चार कोपऱ्यांत चार भारमापक सेन्सर आहेत. वजन पडले की त्यांतील धातू डोळ्यांना न दिसण्याइतका वाकतो, त्यावर बसवलेल्या ताणमापकाचा विद्युतरोध बदलतो, आणि चारही आकड्यांच्या प्रमाणावरून पायांखालील दाबाचा मध्य कुठे आहे हे सतत काढले जाते. जॉयबोर्ड केवळ दिशा सांगत होता, हा बोर्ड दिशेसोबत प्रमाणही सांगतो. म्हणूनच त्यावर स्कीइंगच्या वळणांबरोबर निश्चल बसण्याचाही गेम होऊ शकला. असे ३ कोटींहून अधिक बोर्ड विकले गेले.

तरीही दाबाचा मध्य म्हणजे शरीराचा गुरुत्वमध्य नव्हे. माणूस स्थिर उभा असताना दोन्ही जवळपास एका उभ्या रेषेत येतात. हालचाल वेगवान झाली की त्यांच्यात अंतर पडते, आणि कंबर झुकली की खांदे, हे बोर्डाला कळण्याचा मार्ग नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या कायनेक्टने कॅमेऱ्याने सांधे टिपून शरीराची ठेवण पाहिली, पण पायांखालचा भार त्याला दिसत नव्हता.

या साधनाचा सर्वांत मोलाचा उपयोग, माझ्या मते, गेमच्या बाहेर झाला. रुग्णाचा उभे राहतानाचा तोल तपासण्यासाठी प्रयोगशाळांमध्ये अत्यंत महागडी बलमापक पाटी वापरतात. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातील रॉस क्लार्क आणि सहकाऱ्यांनी बॅलन्स बोर्डाची तिच्याशी तुलना केली, तेव्हा उभ्या स्थितीतील तोल मोजण्यासाठी तो विश्वासार्ह ठरला. त्यानंतर अनेक देशांतील पुनर्वसन संशोधकांनी तो वापरला. मात्र तो केवळ खालच्या दिशेचा भार मोजतो, आडवी बले मोजत नाही, त्यामुळे चालण्याच्या किंवा उडी मारण्याच्या सविस्तर अभ्यासासाठी प्रयोगशाळेतील पाटीच लागते.