सरहद्दीवरचे हौशी पहारेकरी : अ‍ॅरिझोनातून पुण्याच्या गल्लीपर्यंत

२६ जुलै २०२५च्या रात्री पुण्यात चंदननगरमध्ये एका घरात जमाव शिरला आणि 'तुम्ही बांगलादेशी आहात, पुरावे दाखवा' म्हणून दरडावू लागला, अशी तक्रार तिथल्या कुटुंबाने केली. कारगिलच्या युद्धात लढलेल्या एका निवृत्त जवानाचे हे नातलग. त्याआधी फेब्रुवारी २०२०मध्ये धनकवडी भागात एका राजकीय पक्षाच्या कार्यकर्त्यांनी अशीच शोधमोहीम काढली होती. ज्यांना घुसखोर ठरवले, ते पोलिसांच्या पडताळणीत भारतीय निघाले. बांगलादेशची सीमा पुण्यापासून दीड हजार किलोमीटरहून लांब आहे. तरीही सीमेवर पहारा देण्याची कल्पना इथल्या गल्लीत उतरली. ही कल्पना नवी नाही. तिचा सगळ्यात ठळक इतिहास अमेरिका आणि मेक्सिको यांच्यामधल्या सुमारे ३,१४५ किलोमीटरच्या सीमेवर घडला.

त्या सीमेवर सरकारी गस्त सुरुवातीपासून नव्हती. 'बॉर्डर पेट्रोल' हे दल स्थापन झाले १९२४मध्ये. तोवर टेक्सासमध्ये रेंजर्स, म्हणजे राज्याचे सशस्त्र पोलीस, आणि स्थानिक जमीनदार मिळून हवा तसा न्याय करत. जानेवारी १९१८मध्ये पोरवेनीर या खेड्यात रेंजर्स आणि गुरांचे मळेवाले रात्री घुसले, मेक्सिकन वंशाच्या १५ पुरुषांना आणि मुलांना घराबाहेर काढले आणि गोळ्या घातल्या. पुढे १९७७मध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेतल्या डेव्हिड ड्यूकने कॅलिफोर्नियात 'बॉर्डर वॉच' जाहीर केला. त्यात पहाऱ्यापेक्षा पत्रकारांची गर्दीच जास्त होती, पण नागरिकांनी सीमेवर गाड्या घेऊन उभे राहायचे, हा नमुना तिथून पडला.

खरी ठिणगी मात्र सरकारी धोरणाने टाकली. १९९३मध्ये एल पासो शहरात आणि १९९४मध्ये सॅन डिएगोत सरकारने नाकेबंदी केली. शहरांतले सोपे रस्ते बंद केले की लोक येणे थांबवतील, असा हिशोब होता. लोक थांबले नाहीत, त्यांनी वाट बदलली. १९९४मध्येच अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला नाफ्टा हा मुक्त व्यापार करार लागू झाला, अमेरिकेचा स्वस्त मका मेक्सिकोत शिरला आणि तिथला लहान शेतकरी मोडला. हा लोंढा वळला अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटाकडे. २०००च्या आर्थिक वर्षात तिथल्या एकट्या टूसॉन विभागात सहा लाखांहून अधिक वेळा माणसे पकडली गेली.

तिथल्याच कोचीस काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, मळेवाल्यांचे हाल खरे होते, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढची गोष्ट समजत नाही. रोज रात्री कुंपणाच्या तारा तुटायच्या, गुरांच्या पाण्याच्या टाक्या फुटायच्या, माळावर प्लास्टिकच्या बाटल्यांचे ढीग पडायचे. सरकारने दोन शहरे सुरक्षित केली आणि त्याची किंमत या लोकांच्या माथी मारली. त्यांच्यातल्या काहींनी बंदुका घेऊन स्वतःच माणसे पकडायला सुरुवात केली. २००४मध्ये १६ जणांना बंदुकीच्या धाकाने अडवून ठेवणाऱ्या एका मळेवाल्याला पुढे २००९मध्ये फेडरल ज्यूरीने सत्तर हजार डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली.

या असंतोषावर बाहेरून आलेल्यांनी संघटना उभ्या केल्या. टूमस्टोन गावातले छोटे वर्तमानपत्र चालवणारे ख्रिस सिमकॉक्स आणि कॅलिफोर्नियातले निवृत्त अकाउंटंट, व्हिएतनाम युद्धात लढलेले जिम गिलक्रिस्ट यांनी १ एप्रिल २००५ला 'मिनिटमेन प्रोजेक्ट' सुरू केला. सॅन पेद्रो खोऱ्यात गुरांच्या काटेरी कुंपणालगत घडीच्या खुर्च्या टाकून माणसे बसली. हातात दुर्बीण आणि वॉकीटॉकी, अनेकांच्या कमरेला पिस्तूल. नियम असा की कोणाला हात लावायचा नाही, फक्त पाहायचे आणि कळवायचे.

बॉर्डर पेट्रोलच्या जवानांना याचा त्रासच झाला. सीमेलगतच्या मातीच्या रस्त्यांवरून ते टायर ओढून माती सपाट करतात. नंतर तिच्यावर उमटलेल्या पावलांवरून किती जण गेले, केव्हा गेले, कुठल्या दिशेने गेले, ते ओळखतात. आपल्याकडे कच्छमध्ये सीमा सुरक्षा दलाला मदत करणाऱ्या पगींची विद्या हीच. पण त्या मातीत स्वयंसेवकांचेच बूट उमटायला लागले. जमिनीत पुरलेले सेन्सर त्यांच्या वावराने वाजू लागले आणि जवानांना हकनाक धावावे लागे.

कायदा हातात घेणाऱ्यांना आपला विरोध आहे, असे राष्ट्राध्यक्ष बुश मार्च २००५मध्ये म्हणाले होते. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी मात्र एप्रिलमध्ये या मंडळींची पाठ थोपटली. राजकारणावर परिणाम झालाच. २००६मध्ये बुश यांनीच सीमेवर नॅशनल गार्ड या राखीव सैन्याचे सहा हजार जवान धाडले आणि सुमारे ७०० मैल कुंपणाच्या कायद्यावर सही केली. म्हणजे खुर्च्या टाकून बसलेल्यांनी सीमेवर फार काही अडवले नसेल, वॉशिंग्टनमध्ये मात्र मिळवायचे ते मिळवले.

याच वाळवंटात दुसरेही स्वयंसेवक होते, हे सहसा कोणी सांगत नाही. टूसॉनची 'ह्यूमेन बॉर्डर्स' ही २०००मध्ये स्थापन झालेली संस्था निळे झेंडे लावून पाण्याच्या टाक्या ठेवते. मे २००१मध्ये १४ जण तिथे उन्हाने तडफडून मेले. माझ्या लेखी सीमेवरची खरी नागरी सेवा म्हणजे हे पाणी ठेवणे.

मिनिटमेनचे पुढे तुकडे झाले. पैशांवरून भांडणे झाली आणि गटांतून गट फुटले. अशाच एका फुटीर गटाची प्रमुख शॉना फोर्ड ३० मे २००९ला साथीदारांसह अरिवाका गावातल्या एका घरात अधिकारी असल्याची बतावणी करून शिरली. लुटायला. त्यात नऊ वर्षांची मुलगी आणि तिचे वडील मारले गेले. दोघेही अमेरिकी नागरिक. फोर्डला २०११मध्ये मृत्युदंड सुनावला गेला. सिमकॉक्सची संघटना त्याआधीच, २०१०मध्ये बंद पडली होती. २०१९मध्ये न्यू मेक्सिकोत आणखी एका सशस्त्र गटाने निर्वासित कुटुंबांना रात्री अडवून बसवले. त्याच्या म्होरक्याला बंदुकीच्या गुन्ह्यात अटक झाली.

सीमेच्या कामात नागरिकांना घ्यायचेच असेल, तर त्याची रीत भारतात आहे आणि तिचे मूळ महाराष्ट्रातले आहे. डिसेंबर १९४६मध्ये मुंबईत दंगली आवरण्यासाठी होमगार्ड उभे राहिले आणि १९४७मध्ये त्यांचा कायदा झाला. याच संघटनेची बॉर्डर विंग आज पंजाब, राजस्थान, गुजरातसारख्या राज्यांत सीमा सुरक्षा दलाच्या मदतीला असते. तिथे गणवेश असतो, प्रशिक्षण असते, आणि चुकले तर जाब विचारणारा अधिकारी असतो.

हे नसले की संशय चेहऱ्यावरून घेतला जातो. पुण्याने तो ऑगस्ट २०१२मध्ये पाहिला आहे. आसाममधल्या हिंसाचारानंतर इथे ईशान्येकडच्या तरुणांवर हल्ले झाले, अफवा पसरल्या आणि पुणे स्टेशन गावी निघालेल्या मुलामुलींनी भरून गेले. ती सगळी भारतीय मुले होती.

कायद्यात सामान्य माणसाला अटकेचा अधिकार आहे, पण तो अगदी मोजका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडत असेल, किंवा समोरचा घोषित गुन्हेगार असेल, तरच त्याला धरता येते आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. दुसऱ्याच्या घरात शिरून आधार कार्ड मागण्याची मुभा या कलमात नाही. कोणाबद्दल शंका असेल तर पोलीस ठाण्यात कळवायचे. पडताळणी हे पोलिसांचे काम.