पार्श्वभूमी : जिओजेब्रा, पडताळा आणि सिद्धता

महाराष्ट्रात नववी-दहावीची गणिताची पुस्तके २०१७ आणि २०१८ मध्ये बदलली, आणि नव्या पुस्तकांत अधूनमधून एक लहानशी चौकट दिसू लागली : जिओजेब्राच्या (आकृत्या आणि आलेख काढणाऱ्या संगणक-प्रोग्रामच्या) मदतीने अमुक आकृती काढा आणि तिचा गुणधर्म पडताळून पाहा. दहावीच्या वर्तुळाच्या प्रकरणात अशी चौकट स्पर्शिकाखंडांसाठी आहे. बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढायच्या आणि ते खंड एकरूप आहेत का, ते बघायचे. चौकट दोन-तीन ओळींचीच आहे, पण तिच्यातल्या ‘पडताळा’ या शब्दामागे बराच गुंता आहे.

पडद्यावरचा बिंदू ओढला की बदलणारी आकृती ही कल्पना त्याआधी तीसेक वर्षांपासून होती. १९८५ च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबलला ‘कॅब्री’ या भूमितीच्या संगणक-प्रोग्रामवर काम सुरू झाले. ज्या फ्रेंच शब्दांचे हे लघुरूप आहे, त्यांचा अर्थ आपल्या रफ वहीच्या अगदी जवळचा. त्याच वर्षी आलेख काढणारा पहिला खिशातला कॅल्क्युलेटर जपानी कंपनीने बाजारात आणला. १९९१ मध्ये अमेरिकेतून ‘कॅब्री’सारखेच ‘स्केचपॅड’ आले. आपल्या मराठी शाळांपर्यंत यातले जवळजवळ काहीच पोचले नाही. परवान्याला पैसे लागत, शाळेत संगणक नव्हते आणि दहावीच्या परीक्षेत सर्वसाधारण विद्यार्थ्याला साधा कॅल्क्युलेटरही चालत नाही.

वाट मोकळी झाली ती जिओजेब्रामुळे. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग इथे २००१ मध्ये एका विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर प्रबंधातून ते सुरू झाले. एका बाजूला समीकरण, दुसऱ्या बाजूला आकृती. एक बदलले की दुसरे बदलते. शाळांना ते फुकट मिळत होते. केरळने ते शालेय अभ्यासक्रमात पक्के बसवले. पवईच्या आयआयटी मुंबईतून निघालेले त्याचे ध्वनिचित्र-पाठ मराठीतूनही ऐकायला मिळू लागले.

आता पडताळ्याकडे. मराठीत गणित शिकलेल्या प्रत्येकाला ‘ताळा’ माहीत असतो. समीकरण सोडवले की खाली ‘ताळा’ लिहून उत्तर घालून बघायचे, दोन्ही बाजू जुळल्या की काम झाले. तिथे ताळा पुरेसा असतो, कारण प्रश्न एका उत्तराचा असतो. भूमितीत ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ अशी मांडणी असते आणि प्रश्न असंख्य आकृत्यांचा असतो. कागदी त्रिकोणाचे कोपरे कापून शेजारी शेजारी मांडले की एका त्रिकोणाचा पडताळा होतो. पडद्यावर शिरोबिंदू ओढला की काही सेकंदांत शेकडो त्रिकोणांचा होतो. संख्या वाढली म्हणून पडताळ्याची सिद्धता होत नाही, हा आक्षेप ग्रेनोबलच्या काळापासून घेतला जातो आणि तो योग्यच आहे. पडद्यावरचे आकडेही ठरावीक दशांशापर्यंत जवळच्या किमतीला आणलेले असतात. कोन दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवले, तर तिन्हींची बेरीज कधी १८०.०१ भरते आणि मूल गोंधळते. तो गोंधळ मला मोलाचा वाटतो. नुसते मोजणे का पुरत नाही, हे त्या ०.०१ मुळे जितके पटते तितके फळ्यावर सांगून पटत नाही.

पण आक्षेपाची दुसरी बाजूही मांडायला हवी. कोणताही चौकोन घ्या, बाजूंचे मध्यबिंदू जोडा. समांतरभुज चौकोन मिळतो. शिरोबिंदू आत ढकलून चौकोन अंतर्वक्र केला, बाजू एकमेकींवरून नेल्या, तरी मधला समांतरभुज हटत नाही. हे पाहिलेले मूल ‘असं का?’ विचारते. मग एक कर्ण काढायचा, आणि नववीतले मध्यबिंदूंचे प्रमेय आपोआप कामाला येते. कंपासपेटीने काढलेल्या एका स्थिर आकृतीतून हा प्रश्न सहसा उठत नाही. सिद्धतेची गरज भासायला आधी पडताळ्याने चकित व्हावे लागते, असे मला वाटते. पुस्तकातली चौकट मात्र प्रमेयाच्या शेजारी येते. सिद्धता दिलेलीच असते, त्यामुळे ओढून बघणे ही नंतरची हजेरी ठरते. चौकट प्रमेयाच्या आधी हवी होती.

परीक्षेने गुंता वाढवला. २०१९ पासून दहावीच्या प्रश्नपत्रिकेत ‘कृती पूर्ण करा’ म्हणून अर्धी सिद्धता छापून येते आणि विद्यार्थी रिकाम्या चौकटी भरतो. म्हणजे बघून पटवणे आणि तर्काने पटवणे यांच्या जोडीला गाळलेल्या जागा भरणे हा तिसरा प्रकार, तोही सिद्धतेच्याच नावाने. शिवाय २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून जिओजेब्रालाच दोन वस्तूंमधला संबंध विचारता येतो आणि बैजिक पद्धतीने तपासून ते ‘नेहमी सत्य’ असे उत्तर देऊ शकते. ते ताळ्यापेक्षा बरेच जास्त आहे, पण त्यात कारण सापडत नाही.

२०१४ नंतरच्या घडामोडी वेगाने आल्या. २०१५ च्या आसपास ब्राउझरांनी जावा (जिओजेब्राची पाने ज्यावर चालत ते तंत्र) काढून टाकले आणि शिक्षकांनी मेहनतीने बनवलेली कितीतरी जुनी पाने उघडेनाशी झाली. मग मोबाइलवरची अ‍ॅप आली आणि २०२० च्या टाळेबंदीत अनेक शिक्षकांनी पहिल्यांदाच स्लायडर सरकवून रेषेचा चढ दाखवला. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळुरूच्या एका कंपनीने जिओजेब्रा विकत घेतले. तेव्हा अनेकांच्या लक्षात आले की ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ एक नव्हे : मूळ संगणकीय संहिता मुक्त परवान्याखाली आहे, पण तयार अ‍ॅप आणि सेवा फक्त बिगरव्यापारी वापरासाठी मोफत आहेत.

अमेरिकी विद्यापीठांतल्या प्रवेशासाठीची सॅट परीक्षा भारतात २०२३ पासून संगणकावर होते आणि तिच्यात ‘डेस्मॉस’ हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर पडद्यावरच दिलेला असतो. दहावीला दोन चलांतली रेषीय समीकरणे आलेखाने सोडवताना आजही क्रमित जोड्यांचा तक्ता करायचा, आलेख कागदाच्या कोपऱ्यात ‘प्रमाण : दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक’ लिहायचे आणि छेदनबिंदू पेन्सिलीने दाखवायचा असतो.