आझुची किल्ला

आझुची किल्ला : जपानच्या शिगा प्रांतात, बिवा सरोवराच्या पूर्वेला सुमारे १९९ मी. उंचीच्या टेकडीवरील उद्ध्वस्त किल्ला. बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा याने १५७६ मध्ये तो बांधायला घेतला, १५७९ मध्ये तो मुख्य मनोऱ्यात (तेन्शु) राहायला आला आणि १५८२ च्या जूनमध्ये मनोरा जळून खाक झाला. एवढ्या अल्पायुषी किल्ल्याने जपानी दुर्गबांधणीला नवे वळण दिले, म्हणूनच त्याचे मोल मोठे आहे. उंच दगडी जोत्यावर उभा असलेला भव्य मनोरा पुढच्या अनेक किल्ल्यांची ओळख ठरला.

तळघर धरून मनोरा सात मजली होता. वरून दुसरा मजला अष्टकोनी, तर सर्वांत वरचा सोन्याने मढवलेला. आतील चित्रे चित्रकार कानो एइतोकुची. क्योटोतील होन्नोजी मंदिरात नोबुनागाचा अंत झाल्यावर काही दिवसांतच आग लागली. ती नोबुनागावर उलटलेला त्याचा सरदार अकेची मित्सुहिदे याच्या माणसांनी लावली की नोबुनागाचाच मुलगा नोबुकात्सु याने, हा वाद मिटलेला नाही. १५८५ मध्ये शेजारी हाचिमान हे नगर वसले, तेव्हा आझुचीची पेठही तिकडे हलली.

मनोरा नेमका दिसायचा कसा, हे कळण्याची सर्वांत मोठी आशा एका चित्रपडद्यावर आहे. नोबुनागाने किल्ल्याचे चित्र असलेला हा पडदा जेझुइट धर्मगुरू वालिन्यानो यांना भेट दिला होता. जपानहून परत निघालेले वालिन्यानो गोव्यातच थांबले. पडदा मात्र चार जपानी तरुणांच्या शिष्टमंडळाबरोबर गोव्यावरून पुढे रोमला गेला आणि १५८५ मध्ये तेराव्या ग्रेगरी पोपना अर्पण झाला. पुढे तो नाहीसा झाला. शोध घेऊनही हाती लागलेला नाही.

टेकडीवर नोबुनागानेच स्थापलेले सोकेनजी मंदिर टिकून राहिले. १९२६ मध्ये अवशेषांना ऐतिहासिक स्थळाचा आणि १९५२ मध्ये विशेष ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. १९४० च्या उत्खननात मनोऱ्याच्या तळघरातील खांबांखालचे दगड उघडे पडले. १९८९ पासून वीस वर्षे चाललेल्या उत्खननाने पायथ्यापासून सरळ वर चढणारी रुंद राजवाट मोकळी केली. किल्ल्याला वेढणाऱ्या पाण्याच्या जागी मात्र आता भातखाचरे आहेत.

मनोरा पुन्हा उभारावा, ही मागणी जुनी आहे. पण खात्रीचा पुरावा नसताना मूळ जोत्यावर नवे बांधकाम चढवणे म्हणजे उरलेल्या एकमेव अस्सल वस्तूवर अंदाज लादणे होय. स्पेनमधील सेव्हिलच्या १९९२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेली वरच्या दोन मजल्यांची प्रतिकृती पायथ्याजवळच्या संग्रहालयात आहे, आणि तिची जागा तीच योग्य. राजवाटेच्या पायऱ्यांमध्ये घाईघाईत दगड म्हणून बसवलेल्या बुद्धमूर्ती आजही जिथल्या तिथेच ठेवल्या आहेत.